खाल्ल्या घरचे वासे मोजावेत का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

“आमच्या भागात एकच मोठं रिसॉर्ट आहे. मिस्टर तिथे देखभाल विभागात १६ वर्षं कायम नोकरीत आहेत. मी ९ वर्षं हाउसकीपिंगला आहे, पण ठेकेदारामार्फत. दीर तिथल्या पाहुण्यांना ने-आण करणारी गाडी चालवतात. माडीवरच्या दोन खोल्या सीझनला येणाऱ्या कामगार मुलांना भाड्याने देतो. घरात अशा चार मिळकती आहेत. आता आणखी चार खोल्या काढायचं ठरतंय. कर्ज मंजूर झालंय, १५ तारखेला सह्या करायच्या आहेत. इकडे ठेक्यावरच्या बायकांनी एक अर्ज तयार केलाय: ऑफ सीझनला महिन्यातले काही दिवस तरी कामाची हमी द्या आणि ड्युटी चार्ट १५ दिवस आधी लावा. त्यांना माझी सही हवी आहे. मिस्टर म्हणतात, ‘खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. कंपनी आहे म्हणून आपण आहोत.’ दिरांचं म्हणणं, शेजारी दुसरं मोठं हॉटेल येणार आहे, मग काळजीच नाही. मुलीचं शाळेचं शिक्षण यंदा संपतंय. कंपनी तिला फुकट ट्रेनिंग देते, पण तीन वर्षांचा बाँड आहे. एवढी मोठी कंपनी बंद थोडीच पडणार? मग मला रात्री झोप का लागत नाही?”

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी दुसऱ्या पानावर अडले. गेल्या ऑफ सीझनला सुपरवायझरने तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. खोल्या रिकाम्याच होत्या, तरी गाद्यांवर धूळ बसू नये म्हणून तुम्ही एकेका खोलीत जाऊन चादरी घातल्या, कोपरे ओढून घट्ट केले. २२ खोल्या. पुढचे १९ दिवस त्यातली एकही उघडली नाही. हे दिवस तुम्हाला कुणी मोजायला सांगितले नव्हते, तुम्ही आपणहून मोजलेत. झोप का लागत नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. जे डोळ्यांनी पाहिलंत, त्याचा हिशेब अजून कागदावर उतरलेला नाही, इतकंच.

म्हणून आधी एक कागद घ्या. चारही मिळकती एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न ठेवा: उद्या रिसॉर्टचं फाटक सहा महिने बंद राहिलं, तर यातलं काय येत राहील? मिस्टरांचा पगार काही दिवस पूर्ण येईल, मग कदाचित अर्धा, मग सांगता येत नाही. तुमची हजेरी पहिल्याच दिवशी थांबेल. दिरांच्या गाडीत बसायला पाहुणा नसेल. आणि खोल्यांतली मुलं सामान बांधून आपापल्या गावी जातील, कारण ती त्या फाटकासाठीच आली होती. घरात कमावणारे हात बरेच आहेत हे खरं, पण पैसा आत येतो तो एकाच दाराने. मिळकती किती यावरून घराची ताकद जोखायची आपल्याला सवय असते. मोजायची असतात ती दारं. ज्या ज्या वाचकांच्या गावाचं पोट एका मोठ्या हॉटेलावर, एका पार्कवर किंवा एका क्रूझ कंपनीवर चालतं, त्यांनी हाच कागद आजच करून पाहावा.

आता तुमच्या त्या ‘एवढी मोठी कंपनी’बद्दल. थॉमस कुक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी १८४१ साली सुरू झाली. दोन महायुद्धं तिने पचवली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे ती बुडाल्याचं जाहीर झालं. त्या घडीला तिचे सुमारे ६ लाख पर्यटक घरापासून दूर होते आणि जगभरातल्या २१ हजार कर्मचाऱ्यांची नोकरी एका रात्रीत गेली. त्याहून खोलवरची पडझड झाली ती स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान इथल्या किनाऱ्यांवरच्या हॉटेलांत. कंपनी पाहुणे पाठवायची आणि त्यांचे पैसे काही आठवड्यांनी चुकते करायची. त्यामुळे ऐन उन्हाळ्याचा धंदा करून बसलेल्या हॉटेलमालकांची बिलं थकलेलीच राहिली. १७८ वर्षांचं वय आणि अवाढव्य पसारा यातलं काहीच आड आलं नाही. त्यानंतर सहाच महिन्यांत कोविडची साथ आली. २०१९ मध्ये जगात देशाबाहेर फिरायला गेलेल्यांच्या सुमारे १४६ कोटी खेपा नोंदल्या गेल्या होत्या, २०२० मध्ये त्या ४० कोटींच्या आसपास आल्या. त्या वर्षी कुठल्याच कंपनीने काही चूक केली नव्हती. पाहुणा घराबाहेर पडला नाही, एवढंच घडलं.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमचं रिसॉर्ट कदाचित आणखी ४० वर्षं जोरात चालेल. पण बंद पडणं ही टोकाची गोष्ट झाली. तुमच्यासारख्या घरांना बसणारे धक्के त्याहून लहान असतात आणि आवाज न करता येतात. ठेकेदार बदलतो आणि तुमची ९ वर्षं नव्या रजिस्टरमध्ये पहिल्या दिवसापासून मोजली जातात. लाँड्री बाहेर दिली जाते. गाड्यांचं काम शहरातल्या एका मोठ्या कंपनीला मिळतं. किंवा मालकच बदलतो. अमेरिकेच्या हवाई राज्यातलं लानाई बेट पाहा. जेम्स डोल यांनी १९२२ मध्ये अननसाच्या लागवडीसाठी ते जवळजवळ सगळं विकत घेतलं. १९९२ मध्ये अननसाचं शेवटचं पीक निघालं. तोवर आलिशान हॉटेलं उभी राहिली होती, माणसं बागेतून हॉटेलात कामाला लागली. २०१२ मध्ये सॉफ्टवेअर उद्योगातले अब्जाधीश लॅरी एलिसन यांनी बेटाचा ९८ टक्के भाग खरेदी केला. बेटावर माणसं साधारण तीन हजार. त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतः कुठलाच मोठा निर्णय घेतला नव्हता, तरी त्यांच्या आयुष्याची दिशा त्या त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या सहीने ठरली.

दिरांना वाटतं, शेजारी दुसरं हॉटेल आलं की प्रश्न मिटेल. थोडा मिटेल, हे मी मान्य करते. दोन मालक असले की मजुरीला थोडी चढाओढ लागते आणि एकाने काढलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिटीचं काय झालं तेही त्यांना सांगा. तिथे १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला आणि बघता बघता समुद्रकाठी रांग लागली. २०१४ उजाडलं तेव्हा १२ कॅसिनो होते, एकाहून अधिक मालकांचे. वर्ष संपताना ८ उरले आणि सुमारे ८ हजार नोकऱ्या गेल्या. कारण साधं होतं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांनी आपापले कॅसिनो सुरू केले होते, मग तिकडचा माणूस एवढ्या लांब येईना. मालक अनेक होते, पण सगळ्यांचा पाहुणा एकच होता, आणि तो एकाच हौशीपायी येत होता. दिरांची गाडी दोन हॉटेलांच्या फाटकात उभी राहिली तरी तिला तोच धोका राहील. महिन्यातले चार-पाच दिवस तरी ती शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मालवाहतुकीसाठी धावली, तर ते खऱ्या अर्थाने वेगळं दार होईल. भाडं कमी मिळेल, पण ओळखी तयार होतील, आणि ओळखी अडचणीच्या वेळी घाईघाईने करता येत नाहीत.

आता मिस्टरांचं वाक्य. त्यांच्या भावनेला मी कमी लेखत नाही. कंपनी येण्याआधी तुमचे सासरे वर्षातले आठ महिने कामासाठी बाहेर असायचे, असं तुम्हीच लिहिलंय. स्वतःच्या नावाचं पहिलं बँक खातं तुम्ही या नोकरीमुळे उघडलंत. मुलगी इथवर शिकली ती याच पगारावर. या सगळ्याची जाण ठेवणाऱ्या माणसाशी तुमचा संसार आहे, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत हे आपण पाहुण्याला सांगतो. चार दिवस राहून, खाऊन-पिऊन जायचं आणि मागे घराची उणीदुणी काढायची, हे वाईटच. तुम्ही दोघं त्या घरचे पाहुणे नाही. १६ वर्षं तिथल्या मोटारी, पाइप आणि वायरी मिस्टरांच्या हातून सुरळीत चालल्या. तुमच्या पाठीने तिथल्या गाद्या उलथल्या. मिठाला तुम्ही रोज जागताय आणि पगार हा त्याचाच मोबदला आहे. शिवाय वासे मोजण्याचा दुसराही एक अर्थ असतो. घर पाडायला निघालेला कधी वासे मोजत बसत नाही. ज्याला त्याच छपराखाली पुढची २० वर्षं काढायची आहेत, तोच वर बघतो, कुठला वासा किडलाय, भार कशावर आहे ते हाताने ठोकून पाहतो. मिस्टर देखभाल विभागात आहेत. दर पावसाळ्याआधी ते रिसॉर्टच्या छपरांचं हेच तर करत असतील. कंपनीवर राग आहे म्हणून ते करतात का?

आणि ‘कंपनी आहे म्हणून आपण आहोत’ हे अर्धंच खरं आहे. त्या जागेचं पाणी, रस्ता, डोंगर किंवा समुद्र जे काही असेल ते, आणि सीझनला पहाटेपासून राबायला तयार असलेली शेकडो माणसं, हे सगळं आहे म्हणून कंपनी तिथे आली. कारखान्याची यंत्रं उचलून दुसरीकडे नेता येतात, तुमचा परिसर उचलून नेता येत नाही. तुम्ही समजता तेवढे तुम्ही रिकाम्या हाताने उभे नाही.

यावरून सहीच्या प्रश्नाकडे येते, कारण या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. बाजारात विकणारा एकच असला की त्याला आपण मक्तेदारी म्हणतो आणि भाव चढणार हे गृहीत धरतो. पण घेणारा एकच असला तर? तुमच्या भागात श्रम विकायला हजारो माणसं आहेत आणि विकत घेणारं फाटक एक. अशा अवस्थेला ‘मोनॉप्सनी’ हे नाव अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये रूढ केलं. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. तुम्हाला दुसरीकडे जाता येत नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, आणि तेवढ्यावरच मजुरी रेंगाळते, चार्ट आदल्या रात्री लागतो, ऑफ सीझनची झळ ठेक्यावरच्या बायकांवर येते. तुमच्यातली एकटी बाई जाऊन विचारते तेव्हा तिच्याकडे सोडून जाण्याची धमकीच नसते. म्हणून अशा ठिकाणी एकत्र विचारण्याला दुसरीकडच्यापेक्षा जास्त वजन असतं.

यात अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहराचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. फ्लोरिडा राज्यात त्याच्या शेजारी डिस्ने वर्ल्ड हे मोठं मनोरंजन पार्क १९७१ मध्ये उघडलं आणि साथीच्या आधी तिथे ७० हजारांहून अधिक लोक काम करत होते. मार्च २०२० मध्ये पार्क बंद झालं, एप्रिलमध्ये युनियनमधल्या सुमारे ४३ हजार कामगारांना बिनपगारी रजेवर जावं लागलं. पण जाताना युनियनने बसून बोलणी केली आणि त्यांचा आरोग्य विमा चालू राहिला. साथीच्या काळात विमा असणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. पुढे सप्टेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या पार्क विभागातून २८ हजार जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ कामगार होते. ज्यांची गाठ सैल, ती आधी सुटली. तुमच्या घरात ही सैल गाठ तुमची आहे, ताई. मिस्टर कायम आहेत म्हणून त्यांना अर्ज म्हणजे नसती उठाठेव वाटते. तुमचं उभं राहण्याचं ठिकाण वेगळं आहे, त्यामुळे तुम्हाला वेगळं दिसणारच. आणि २०२३ मध्ये ऑर्लँडोतल्या त्याच युनियनांनी वर्षअखेरपर्यंत तासाला किमान १८ डॉलर मजुरीचा करार मिळवला. मागितलं म्हणून कंपनी उठून गेली नाही.

तर सही करा, असं माझं मत आहे. पण धोका नाही असं खोटं मी सांगणार नाही. ठेकेदार उद्या तुमचं नाव चार्टवरून गाळू शकतो, त्याला कारणही द्यावं लागणार नाही. म्हणून थोडी काळजी घ्या. पहिली सही तुमची नको. निम्म्याहून जास्त जणी तयार झाल्या की सह्या गोल वर्तुळात घ्या, म्हणजे पहिली कोण ते कागदावरून कळत नाही. ही जुनी युक्ती आहे आणि अजून चालते. अर्जात रागाची भाषा नको. हमी मागताना किती दिवसांची ते स्पष्ट लिहा, आणि चार्ट आधी लागला तर गैरहजेरी कशी कमी होईल तेही लिहा, कारण ते व्यवस्थापकाला त्याच्या वरिष्ठांपुढे ठेवता येतं. आपापल्या हजेरीच्या नोंदी आजपासून घरच्या वहीत ठेवायला लागा: तारीख, तास, कुणी बोलावलं, कुणी परत पाठवलं. आणि सही करण्याआधी तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम हाताशी असेल, एवढं बघा. ती नसेल तर ‘मी महिनाभराने करते’ असं बायकांना मोकळेपणाने सांगा. त्या समजून घेतील.

खोल्यांबद्दल माझं मत जास्त कडक आहे. जपानच्या होक्काइदो बेटावर युबारी नावाचं गाव आहे. कोळशाचं गाव. १९६० मध्ये तिथे सुमारे १ लाख १७ हजार लोक राहायचे. खाणी एकेक करून मिटल्या, शेवटची १९९० मध्ये. कोळसा जातोय म्हटल्यावर नगरपालिकेने पर्यटनावर भिस्त ठेवली: मनोरंजन पार्क, संग्रहालयं, स्की रिसॉर्ट. सगळं कर्ज काढून. पाहुणे हिशेबात धरले तेवढे आले नाहीत. २००७ मध्ये ती नगरपालिका अधिकृतपणे दिवाळखोर ठरली, डोक्यावर सुमारे ३५ अब्ज येनचं कर्ज. मग शाळा एकत्र केल्या, सेवा कमी केल्या, कर वाढवले. आज तिथली वस्ती सात हजारही उरलेली नाही. पाहुणे येतील ही त्यांची आशा होती, आणि हप्त्याची तारीख मात्र ठरलेली होती. तुमच्या चार खोल्यांचं गणित नेमकं तसंच बांधलेलं आहे: भाडं सीझनवर, हप्ता बारा महिने.

म्हणून बांधण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, कंपनी स्वतःची कामगार वसाहत बांधणार आहे का, हे मिस्टरांनी विचारावं. देखभाल विभागाला नळ आणि विजेच्या जोडण्यांच्या निमित्ताने असे आराखडे सगळ्यांच्या आधी कळतात. वसाहत झाली तर तुमच्या खोल्या ऐन सीझनलाही रिकाम्या राहतील. दोन, सलग ९ महिने एकही भाडेकरू नसताना हप्ता भरता येईल का? तीन, त्या खोल्या दुसऱ्या कशाला उपयोगी पडतील का? वेगळा जिना, स्वतंत्र स्वयंपाकघर, थोडी मोठी खिडकी असेल, तर तिथे शिक्षकाचं कुटुंब राहू शकतं, शिकवणी चालू शकते, डॉक्टरांना बसायला जागा देता येते. पलंग आणि चार्जिंगचा बोर्ड एवढंच मावणारी दहा बाय दहाची खोली फक्त सीझनच्या मुलांच्या कामाची. माझा सल्ला: चारऐवजी दोन खोल्या, पण अशा. कर्ज निम्मं, आणि वाचलेल्या हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला बाजूला. एका दाराच्या घराला तीन-चार महिन्यांची शिल्लक पुरत नाही, कारण दार बंद होतं तेव्हा सगळ्यांचं एकदमच होतं आणि हातउसने द्यायला शेजारीही मोकळा नसतो. निदान वर्षभराच्या खर्चाचं उद्दिष्ट ठेवा, मग ते गाठायला पाच वर्षं लागोत.

मुलीचं थोडक्यात सांगते, कारण शेवटी ठरवायचं तिला आहे. फुकट ट्रेनिंग वाईट नाही. बाँडवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मिळणारं प्रमाणपत्र बाहेर मान्य आहे का, मधेच सोडलं तर किती भरावं लागेल, आणि बाँडच्या काळात पगार किती. प्रमाणपत्र त्या फाटकाबाहेर चालत नसेल, तर ते फुकटही महाग आहे. हिशेब, परिचारिका, वीजकाम, शीतकरण यंत्रं, परकी भाषा असं काही तिने घेतलं, तर हॉटेलही तिला घेईल आणि हॉटेलाबाहेरचेही घेतील. घरातल्या एका माणसाचा तरी पगार दुसऱ्या दारातून यावा, हे तिला दडपण म्हणून नको, पण माहिती म्हणून सांगा.

तसंच तुमच्या दोघांच्या हातात आत्ता जे कसब आहे, त्याला तुम्ही ‘रिसॉर्टची नोकरी’ म्हणता. मिस्टर बॉयलर, चिलर, जनरेटर, पाणी शुद्धीकरण हे सांभाळतात. रुग्णालयं, शीतगृहं, मोठ्या इमारती याच माणसाच्या शोधात असतात. तुम्ही एका पाळीत किती खोल्या लावता, किती जणींना शिकवलंत, कपड्यांचा साठा कसा ठेवता, हे स्वच्छता व्यवस्थेचं पक्कं काम आहे. पण त्याचा कागद तुमच्याकडे नाही. दरवर्षी अनुभवाचं पत्र मागा, प्रत्येक ट्रेनिंगच्या प्रमाणपत्राची प्रत घरी ठेवा. ज्या वर्षी गरज नसते, त्या वर्षी असे कागद सहज मिळतात. गरज पडते तेव्हा द्यायला बसलेला माणूसच नोकरीत नसतो.

गावाच्या पातळीवरही हेच लागू आहे, आणि हे मी तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही लिहितेय. ऑर्लँडो ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे तिथे हॉटेलात राहणाऱ्यांवर ६ टक्के पर्यटन कर आहे. पण कायद्याने त्यातला बराचसा पैसा पर्यटनाच्या जाहिराती आणि सुविधांवरच खर्चावा लागतो. म्हणजे पाहुण्याकडून आलेला पैसा पुन्हा पाहुणे आणण्यातच जातो. त्याच शहरालगत दुसरीकडे एक विद्यापीठ वाढलं. ते १९६३ मध्ये अवकाश कार्यक्रमाला माणसं पुरवण्यासाठी स्थापन झालं होतं, पार्क उघडण्याच्या आधी. पुढे लेक नोना भागात वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयं आली. पार्क तिथलं मोठंच आहे, पण शेजारी दुसरी दारं हळूहळू उघडली. त्याला ३०-४० वर्षं लागली. तुमच्या भागातल्या बैठकांत कंपनी हवी की नको, यावरच आवाज चढतात, असं तुम्ही लिहिलंय. त्याऐवजी कुणीतरी उठून विचारायला हवं: कंपनी आपल्या भागातून काय काय विकत घेते आणि काय बाहेरून आणते? तिच्याकडून येणाऱ्या करातला किती भाग दवाखाना, शाळा, तंत्रशिक्षण यांच्याकडे वळतो? हे प्रश्न विचारायला कंपनीशी भांडण लागत नाही. चांगल्या व्यवस्थापनालाही आजारी पडल्यावर जवळ रुग्णालय असलेलं गाव हवंच असतं.

१५ तारखेचं काय? मंजुरीपत्र काढून बघा, त्यावर मुदत लिहिलेली असते. बहुतेक वेळा काही आठवडे हातात असतात आणि कमी रकमेचं कर्ज घ्यायला बँक सहसा नाही म्हणत नाही. तेवढे दिवस मागून घ्या. मग एका संध्याकाळी मिस्टर आणि दीर दोघं घरी असतील तेव्हा तो चार मिळकतींचा कागद समोर ठेवा, आणि ‘काय येत राहील’ या रकान्यात त्यांना त्यांच्याच हाताने लिहू द्या. तुम्ही मधे बोलू नका. मात्र त्याआधी एक करा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या २२ खोल्यांबद्दल घरात कुणाला सांगितलेलं नाही, असं पत्रात कंसात लिहिलंय तुम्ही. ते आधी सांगा, चादरींपासून १९ व्या दिवसापर्यंत सगळं.